मुरुमांवरचं रेटिनॉइड क्रीम नेमकं कसं लावायचं

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एवढंच असतं: ‘अ‍ॅडापॅलिन ०.१ टक्के जेल, रात्री’ किंवा ‘ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के क्रीम, रात्री’. ही दोन्ही रेटिनॉइड. बाहेर नंबर लावून बसलेले पेशंट बघता त्या ‘रात्री’मध्ये काय काय येतं ते समजावायला डॉक्टरांना वेळ मिळतोच असं नाही. मग तो प्रश्न आमच्या काउंटरवर येतो. मी मेडिकल चालवते. ही ट्यूब नेणाऱ्यांपैकी बरेचजण पंधरा-वीस दिवसांत परत येतात आणि म्हणतात, “ती सूट नाही झाली, दुसरी काहीतरी द्या.” किती लावता, कुठे लावता, कशावर लावता, असे दोन-चार प्रश्न विचारले की बहुतेक वेळा उलगडा होतो. ट्यूब बरोबरच असते, लावणं चुकलेलं असतं.

तेव्हा ज्यांच्या हातात ही ट्यूब पहिल्यांदाच आली आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. डॉक्टरांनी तुम्हाला वेगळं काही सांगितलं असेल तर अर्थातच त्यांचं ऐका.

हे औषध फोडावर लावायचं नाही

पुढचं सगळं या एका गोष्टीवर अवलंबून आहे. आपल्याला सवय असते ती दिसलेल्या पुटकुळीवर ठिपका लावायची. रेटिनॉइड तसं लावून फारसा उपयोग नाही, कारण त्याचं काम अजून न आलेल्या मुरुमांवर चालतं.

चेहऱ्यावरच्या प्रत्येक बारीक केसाच्या मुळाशी एक नळी असते आणि तेलग्रंथी त्या नळीत उघडते. नळीच्या आतल्या मेलेल्या पेशी एरवी सुट्या होऊन तेलासोबत बाहेर पडतात. मुरुमांची प्रवृत्ती असणाऱ्यांत त्या एकमेकींना चिकटून बसतात आणि नळीच्या तोंडाशी बूच तयार होतं. सुरुवातीला ते इतकं बारीक असतं की आरशात दिसत नाही. मागे तेल साचत जातं, त्वचेवर एरवीही राहणारे जिवाणू तिथे वाढतात, सूज येते. कधी बूच नुसतंच ब्लॅकहेड किंवा व्हाइटहेड म्हणून राहतं, कधी त्याचा लाल, दुखरा फोड होतो. सकाळी उठल्यावर आपण आदल्या रात्रीच्या वडापावला दोष देतो, पण त्या फोडाची तयारी कित्येक आठवडे आधीपासून चाललेली असते.

रेटिनॉइड म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातली औषधं. ती या पेशींना चिकटू देत नाहीत, म्हणजे बूचच बसू देत नाहीत, आणि सूजही काही प्रमाणात कमी करतात. आता यातून तीन गोष्टी आपोआप निघतात. औषध मुरुम येणाऱ्या सगळ्या भागावर लावायचं, कारण पुढचं बूच कुठे बसणार ते आपल्याला दिसत नाही. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, कारण आधीच वाटेवर असलेले फोड येऊन जायचे असतात. आणि चेहरा साफ झाला म्हणून लगेच बंद करायचं नाही.

हे काही नवं फॅड नाही. अमेरिकेत ट्रेटिनॉइनला मुरुमांसाठी १९७१ मध्ये मान्यता मिळाली, अ‍ॅडापॅलिनला १९९६ मध्ये. आपल्याकडे नव्या पेशंटला सहसा या दोहोंपैकीच एक मिळतं. अ‍ॅडापॅलिन त्यातल्या त्यात सौम्य. ट्रेटिनॉइन ०.०२५, ०.०५ आणि ०.१ अशा वाढत्या टक्क्यांत येतं. टॅझारोटीन जास्त कडक, ते सुरुवातीला क्वचितच देतात. दुकानात कॉस्मेटिकच्या रॅकवर मिळणारं रेटिनॉल याच कुळातलं, पण बरंच हलकं, त्वचेत गेल्यावर त्याचं रूपांतर व्हावं लागतं. चिठ्ठीवरच्या औषधाऐवजी ते घेऊन भागत नाही.

ट्यूब घेताना खोका वाचा

ही औषधं आपल्याकडे परिशिष्ट एच मध्ये येतात, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. लेबलवर लाल उभी रेघ आणि आरएक्सची खूण असते. अमेरिकेत अ‍ॅडापॅलिनचं ०.१ टक्के जेल २०१६ पासून चिठ्ठीशिवाय मिळतं, त्यामुळे सुट्टीला येणाऱ्या मावसबहिणीच्या बॅगेतून अशा ट्यूबा येत असतात. आतलं औषध तेच आहे. पण तुमच्या चेहऱ्यावर जे आहे ते मुरुमच आहेत का, हे मावसबहीण सांगू शकत नाही.

खोक्यावर तीन गोष्टी बघा: औषधाचं नाव, टक्केवारी, आणि क्रीम आहे की जेल. चिठ्ठीशी जुळवा. तेलकट त्वचेला बहुधा जेल देतात, कोरड्या त्वचेला क्रीम. ब्रँड बदलला तर एवढं बिघडत नाही, पण ०.०२५ च्या जागी ०.१ आलं तर आठवड्याभरात चेहरा सोलून निघेल.

आता जरा कडक बोलते, कारण या गोष्टीची मला चीड आहे. ट्रेटिनॉइन हे नाव आणखी एका प्रकारच्या ट्यूबवर असतं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखं स्टेरॉइड, तिन्ही एकत्र. हे मिश्रण वांगासाठी, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोड्या काळापुरतं वापरायचं असतं. पण ‘गोरं करणारी क्रीम’ म्हणून ते वहिनीकडून नणंदेकडे, पार्लरमधून कॉलेजात असं फिरत राहतं. पहिले काही दिवस चेहरा खरंच उजळ आणि नितळ दिसतो, ती स्टेरॉइडची करामत. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, गालावर लव वाढते, आणि गंमत म्हणजे त्याच स्टेरॉइडमुळे मुरुमही येतात. बंद करावं तर चेहरा भडकतो, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब उघडतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीच्या बंधनाखाली आणली, तरी ती मागणारे अजून येतात. तुमच्या ट्यूबवर रेटिनॉइडसोबत मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल यातलं काही लिहिलेलं असेल, तर ती मुरुमांची ट्यूब नाही. आणि असलं काही महिनोन् महिने लावत असाल तर डॉक्टरांना ते आधी सांगा. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही, पण लपवलंत तर उपचार चुकेल.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना हे सांगायला विसरू नका

गरोदर असाल, दिवस राहावेत असा विचार असेल किंवा पाळी चुकली असेल, तर रेटिनॉइड लावायचं नाही. टॅझारोटीन तर पूर्ण वर्ज्य. त्वचेवरून रक्तात फार थोडं जातं हे खरं, त्यामुळे नकळत काही दिवस लावलं गेलं असेल तर घाबरून जाऊ नका. थांबवा आणि गायनॅकना सांगा. बाळाला पाजत असाल तरी विचारून मगच. नव्याने लग्न झालेल्या मुली हे विचारायला संकोचतात आणि सासूबाई शेजारी उभ्या असतील तर मुळीच बोलत नाहीत. डॉक्टरांना फोनवर विचारा, पण विचारा.

मुलींनी पाळी अनियमित आहे का, हनुवटीवर राठ केस येतात का, हेही सांगावं. पीसीओएस (अंडाशयाशी संबंधित हार्मोन्सचा बिघाड) असेल तर नुसत्या क्रीमने काम अर्धंच होतं. मुलांनी जिमचे पावडर-इंजेक्शन, विशेषतः स्टेरॉइडची, लपवू नयेत. टीबीच्या गोळ्यांतलं आयसोनियाझिड, बी-१२ ची इंजेक्शनं, फिटसाठीची काही औषधं यांनीही मुरुमांसारखं पुरळ उठतं. कपाळावर आणि पाठीवर एकसारख्या बारीक, खाजणाऱ्या पुटकुळ्या असतील तर ती बुरशीची लागण असू शकते आणि तिचं औषधच वेगळं. एक्झिमा असेल, चेहरा उन्हाने भाजलेला असेल किंवा कातडी कुठे फाटलेली असेल, तर ते बरं होईपर्यंत रेटिनॉइड नाही.

पहिली रात्र

रात्रीचं जेवण झालं, आता बाहेर जायचं नाही, अशी वेळ निवडा. ट्रेटिनॉइन उजेडात कमकुवत होतं, हे रात्री लावण्याचं एक कारण.

चेहरा साध्या, कमी फेस होणाऱ्या फेसवॉशने आणि कोमट किंवा गार पाण्याने धुवा. अंगाचा साबण नको, चोळणं नको. बोअरच्या जड पाण्यात साबण नीट निघत नाही आणि त्वचा ताणल्यासारखी होते, अशा घरी तर साबण अजिबात नको. स्वच्छ, मऊ टॉवेलने टिपून घ्या आणि वीस-तीस मिनिटं थांबा. ओल्या त्वचेत औषध जास्त शिरतं आणि जास्त आग होते. भांडी आवरा, मालिकेचा एखादा भाग बघा, तेवढ्यात चेहरा कोरडा होतो.

ओठांचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा आणि डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांवर पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा. सगळ्यात आधी सोलवटतात त्या याच जागा. औषध सरकत सरकत तिथल्या घडीत साचतं आणि सकाळी चहाचा कप तोंडाला लावला की ओठाचा कोपरा झोंबतो.

आता औषध. नवी ट्यूब असेल तर झाकण उलटं करून त्याच्या टोकाने सील फोडा. तर्जनीच्या टोकावर मटाराच्या एका दाण्याएवढं घ्या. संपूर्ण चेहऱ्याला एवढंच पुरतं. पाच ठिपके द्या: कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी. मग हलक्या हाताने पसरवा, घासू नका. पापण्यांवर आणि डोळ्यांखाली जाऊ नका, डोळ्याच्या हाडाच्या कडेपासून बाहेरच राहा. बोटाला उरलेलं मानेला पुसायची सवय असते, ती मोडा. मानेची कातडी नाजूक असते, तिथे लगेच लाल होतं. हात धुवा.

प्रमाणाची खात्री करायचा सोपा मार्ग म्हणजे ट्यूबकडे बघणं. एका वेळी साधारण पाव ग्रॅम लागतं, म्हणजे १५ ग्रॅमची ट्यूब रोज लावूनही दोन महिने जायला हवी. ती तीन आठवड्यांत संपली म्हणून नवी घ्यायला कुणी आलं की मला वेगळं काही विचारावं लागत नाही, गाल बघूनच कळतं. जास्त लावल्याने मुरुम लवकर जात नाहीत, फक्त आग वाढते.

दहा-पंधरा मिनिटांनी मॉइश्चरायझर लावा. तेलकट चेहऱ्याच्या माणसाला हे पटवणं सगळ्यात अवघड. “आधीच तेल गळतंय, वर आणखी क्रीम?” पण रेटिनॉइडने त्वचेचं वरचं आवरण काही काळ कच्चं होतं आणि त्यातून पाणी उडून जातं. तेल आणि ओलावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (म्हणजे छिद्रं न बुजवणारं) लिहिलेलं साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर घ्या, महागच हवं असं नाही. खोबरेल तेल मात्र चेहऱ्याला नको. आणि डोक्याला तेल थापून झोपत असाल तर कपाळाच्या वरच्या कडेला बारीक पुटकुळ्या का येतात याचं उत्तर तिथेच आहे.

रोज नाही, हळूहळू

चिठ्ठीवर ‘रोज रात्री’ असलं तरी बहुतेक डॉक्टर नव्या माणसाला एक दिवसाआड सुरू करायला सांगतात. तुमच्या डॉक्टरांनी काही सांगितलं नसेल तर विचारून घ्या. साधारण क्रम असा: पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोन-तीन रात्री, सोसलं तर पुढचे दोन आठवडे एक दिवसाआड, मग रोज. त्वचा नाजूक असेल तर हाच प्रवास दोन महिने चालू द्या. शेवटी पोहोचायचं एकाच ठिकाणी आहे.

तरीही आग होत असेल तर दोन युक्त्या आहेत. एक, औषधाच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा मॉइश्चरायझर लावायचं, म्हणजे औषध दोन थरांच्या मध्ये राहतं आणि चुणचुण बरीच कमी होते. दुसरी, औषध अर्धा तास ठेवून धुऊन टाकायचं आणि तो वेळ दर आठवड्याला थोडा वाढवत न्यायचा. एवढ्यानेही सोसेनासं झालं तर दोन-तीन रात्री नुसतं मॉइश्चरायझर लावा आणि मग पुन्हा कमी वेळा सुरू करा. अशा सुट्टीने केलेलं काम वाया जात नाही.

आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेसाठी हा हळूपणा विशेष महत्त्वाचा. आपल्याकडे फोड गेला तरी काळा डाग महिनोन् महिने राहतो, कारण सूज आली की त्वचा तिथे जास्त रंगद्रव्य बनवते. औषधाने झालेली जळजळही सूजच. म्हणजे घाईघाईने चेहरा लाल करून घेतला तर मुरुम जाऊन त्याजागी काळपट गाल मिळतील. ‘जळलं म्हणजे लागू पडतंय’ हा समज आमच्या काउंटरवर रोज ऐकू येतो. तो साफ चूक आहे.

दुसरा ते सहावा आठवडा

याच काळात सगळ्यात जास्त ट्यूबा कचऱ्यात जातात. चेहरा कोरडा पडतो, नाकाच्या बाजूला आणि हनुवटीवर पापुद्रे निघतात, मेकअप बसत नाही. काहींना मुरुम आधीपेक्षा वाढल्यासारखे वाटतात. आत वाटेवर असलेली बुचं या काळात लवकर वर येऊ शकतात. सगळ्यांना असं होत नाही, पण झालं तर ते साधारण नेहमीच्याच जागी येतात आणि सहसा काही आठवड्यांत ओसरतात. पूर्वी जिथे कधीच मुरुम नव्हते तिथे नवं पुरळ उठलं, खाज सुटली, तर मात्र ते वेगळं काहीतरी आहे, दाखवून घ्या.

पापुद्रे ओढून काढू नका, स्क्रबने घासू नका. चेहरा धुतल्यावर ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावलं (औषध नव्हे) की ते मऊ होऊन आपोआप निघतात. फोड फोडू नका हे सगळेच सांगतात आणि कुणीच ऐकत नाही, तरी सांगते: खड्डा पडला तर तो या क्रीमने भरून येत नाही.

सुरू करायच्या दिवशी खिडकीच्या उजेडात, एकाच जागी उभं राहून चेहऱ्याचा फोटो काढून ठेवा, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. मग महिन्याने पुन्हा. रोज आरशात बघणाऱ्याला फरक कळत नाही. आठव्या आठवड्यात “काहीच नाही झालं” म्हणणाऱ्या मुलींना मी मोबाइलमधला पहिला फोटो उघडायला लावते आणि पुढचा वाद वाचतो.

लग्न असेल तर गणित आधीच मांडा. तुळशीची लग्नं लागली की हंगाम सुरू होतो आणि नवरी ट्यूब मागायला येते दिवाळीत. तेव्हा सुरू केलं तर हळदीच्या दिवशी चेहऱ्याला नेमके पापुद्रे सुटलेले असतील. मार्गशीर्षातल्या मुहूर्तासाठी श्रावणात सुरुवात करायला हवी. आणि हळद लावायच्या काही दिवस आधी क्रीम थांबवायचं का, किती दिवस, हे डॉक्टरांना विचारून ठेवा.

सकाळ म्हणजे सनस्क्रीन

रेटिनॉइड लावणाऱ्या त्वचेला ऊन लवकर बाधतं आणि मुरुमांचे डाग उन्हाने आणखी गडद होतात. एसपीएफ ३० किंवा जास्त, उन्हातल्या यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही किरणांसाठीचं सनस्क्रीन, चेहऱ्याला साधारण दोन बोटांच्या लांबीएवढं, बाहेर पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी. दिवसभर उन्हात काम असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. ढगाळ पावसाळ्यातही लावायचं. तेलकट वाटत असेल तर जेल प्रकारचं घ्या. मुंबईच्या दमटपणात क्रीमवालं कुणी दुसऱ्या दिवशी लावत नाही, हे मला माहीत आहे. डागांची काळजी जास्त असेल तर त्वचेच्या रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन चांगलं, ते नुसत्या उजेडाने होणारं काळवंडणंही अडवतं.

पुण्यात स्कूटीवर तोंडाला स्कार्फ बांधायची पद्धत आहे, ती उन्हासाठी उत्तमच. पण तो स्कार्फ धुवत जा. हेल्मेटच्या पट्ट्याखाली हनुवटीवर येणारे फोडही घाम आणि घर्षण यांचेच असतात.

ट्यूब उन्हात किंवा गाडीच्या कप्प्यात ठेवू नका. खोक्यावर तापमान छापलेलं असतं. मे महिन्यातल्या नागपूर-चंद्रपूरच्या घरात ते सहज ओलांडलं जातं, तेव्हा घरातल्या सगळ्यात गार खोलीतलं बंद कपाट बघा आणि फ्रीजमध्ये चालेल का ते औषध देणाऱ्याला विचारा.

काय काय कपाटात ठेवून द्यायचं

लिंबू, बेसन, तांदळाचं पीठ, मुलतानी माती, कोलगेट, सगळं. एरवी ज्याला जे मानवतं ते त्याने लावावं, पण रेटिनॉइड चालू असताना चेहरा कच्चा असतो. दिवाळीतलं उटणं अंगाला खुशाल लावा, चेहरा सोडून. ब्लीच आणि फेशियल बंद. वॅक्सिंग चेहऱ्यावर शक्यतो नकोच, कारण मेणासोबत कातडीचा वरचा थर निघून येतो. करायचंच असेल तर निदान आठवडाभर आधी क्रीम थांबवा आणि पार्लरवालीला सांगा. पुरुषांनी दाढी सकाळी करावी, नवं ब्लेड वापरावं. सलूनमध्ये शेवटी तुरटी फिरवतात किंवा आफ्टरशेव्ह थापतात, त्याला हात जोडून नाही म्हणा.

इतर औषधांची सरमिसळही आपल्या मनाने नको. सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं फेसवॉश, ग्लायकॉलिक अ‍ॅसिडचं सीरम आणि रेटिनॉइड असं तिन्ही एकदम सुरू करणारी मुलं मी बघते. मग कशाने चेहरा जळला ते कुणालाच सांगता येत नाही. बेन्झॉइल पेरॉक्साइड हे मुरुमांचंच दुसरं औषध मात्र डॉक्टर मुद्दाम जोडीला देतात. ते साध्या ट्रेटिनॉइनसोबत एकाच वेळी लावलं तर ट्रेटिनॉइन निकामी करतं, म्हणून एक सकाळी, एक रात्री. अ‍ॅडापॅलिनचं तसं नाही, ते दोन्ही एकाच ट्यूबमध्येही मिळतात. एक सांगून ठेवते, बेन्झॉइल पेरॉक्साइडने कापडाचा रंग उडतो. उशीला पांढरा अभ्रा घाला, आईचा चांगला टॉवेल वापरू नका.

क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक आहे. ते एकटंच महिनोन् महिने लावत राहिलं तर जिवाणूंना त्याची सवय होते आणि पुढे ते लागू पडत नाही. ‘ती गार वाटणारी जेल बरी, रेटिनॉइड नको’ म्हणून तेवढंच चालू ठेवणारे पुष्कळ आहेत. तसं करू नका.

डॉक्टरांकडे लगेच कधी जायचं

चेहरा किंवा पापण्या सुजल्या, पाणी असलेले फोड आले, कातडीतून पाणी झिरपायला लागलं, पित्तासारख्या गांधी उठल्या, तर क्रीम बंद करून त्याच दिवशी दाखवा. खोल, गाठीसारखे, दुखणारे मुरुम असतील किंवा खड्डे पडायला लागले असतील तर बारा आठवडे थांबत बसू नका. अशा मुरुमांना गोळ्या लागतात. त्यातली आयसोट्रेटिनॉइन ही याच कुळातली, पण पोटातून घ्यायची, आणि गरोदरपणात तिने बाळाला गंभीर व्यंग होऊ शकतं. ती कधीही दुसऱ्याच्या चिठ्ठीवर घेऊ नका.

एरवी पहिली तपासणी तिसऱ्या महिन्यात. जाताना खोका, तुम्ही लावत असलेली बाकीची क्रीमं आणि ते फोटो घेऊन जा. मुरुम आधीच्या निम्म्याहून कमी उरले असतील तर डॉक्टर बहुधा तेच चालू ठेवतील. काहीच फरक नसेल तर टक्केवारी वाढवतील किंवा जोडीला दुसरं देतील.

चेहरा साफ झाल्यावर पुढे किती दिवस लावायचं, हा प्रश्न सगळेच विचारतात. बुचं बसण्याची प्रवृत्ती वयाबरोबर कमी होईपर्यंत राहते, म्हणून डॉक्टर आठवड्यातून दोन-तीन रात्रींवर आणून ते पुढे बरेच महिने चालू ठेवायला सांगतात. तेवढ्या वापराला १५ ग्रॅमची ट्यूब चार-पाच महिने सहज पुरते. फक्त उघडलेली ट्यूब किती दिवस चालते ते खोक्यावर बघा आणि झाकणाजवळ उघडल्याची तारीख पेनाने लिहून ठेवा.